बिनबिल्ल्याचं लायसन

गाडी कुठली घ्यायची हे पुण्यात प्रत्येकाला कळतं. लायसन कुठलं काढायचं हे कुणालाच कळत नाही. हे मी रागाने म्हणत नाही, अनुभवाने म्हणते. राग नंतर येतो.

वारज्यात आमचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक गाळा, एक टेबल, दोन्ही बाजूंना ब्रेक असलेली एक मारुती आणि मी, आम्रपाली ओव्हाळ. सुरू केलं माझ्या वडिलांनी, बाबुराव ओव्हाळांनी. आयुष्यभर शहरात बस चालवून ते निवृत्त झाले आणि घरी बसून चार दिवसांत आईला नकोसे झाले, म्हणून. पुढे त्यांचे गुडघे गेले. मी डी.एड. करून नोकरीची वाट पाहत होते. बाबा म्हणाले, "वाटच पाहायची तर गाळ्यात बसून पाहा, निदान पंखा आहे." तेव्हापासून मी पंख्याखाली आहे.

ही गोष्ट दोन हजार चार-पाचच्या सुमाराची. हिंजवडीत आयटी पार्क उभं राहिलं होतं आणि आमची गिऱ्हाइकं बदलली होती. गळ्यात पट्टा अडकवलेला एक मुलगा येऊन म्हणाला, "मॅम, मला डायरेक्ट हेवीचं काढून द्या ना. म्हणजे खालची सगळी त्यात इन्क्लूड होतील, परत अपग्रेड नको." मी त्याला विचारलं, ट्रक घेतलाय का? नाही, सेकंडहँड झेन घेणार होता. सदाशिव पेठेतले एक निवृत्त गृहस्थ आले. ते रिव्हर्स शिकणार नव्हते, कारण त्यांच्या वाड्यातून गाडी सरळ बाहेर पडते आणि सरळ आत जाते. तर तेवढी फी कमी होईल का, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, होईल, पण मग अर्ध्या रस्त्यात कुठे चुकलात तर तिथेच राहायचं. ते उठून गेले आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण फी घेऊन आले.

म्हणून मी प्रत्येकाला आधी एकच विचारायचे: गाडीत बसवून कुणाकडून पैसे घेणार का? नसाल घेणार, तर साधं खाजगी लायसन, विषय संपला. घेणार असाल तर व्यवसायाचं. त्यातही माल वाहणार असाल तर नुसतं लायसन पुरतं, आणि माणसं वाहणार असाल तर वर बॅज लागतो. बॅज म्हणजे पितळी बिल्ला, त्यावर नंबर, आणि तो छातीवर दिसेल असा लावायचा. एवढंच आहे. पण एवढंच सांगायला मला दिवसातून दहा वेळा घसा कोरडा करावा लागायचा.

गेनबाशेठ आले ते मात्र घसा ओला करूनच. म्हणजे समोरच्या टपरीवर चहा घेऊन. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशात दोन मोबाइल, आणि मागे दोन पावलं अंतर ठेवून त्यांची बायको, बायडाबाई. हिंजवडीत ज्यांच्या जमिनी गेल्या आणि पैसा आला त्यांतलं हे घर. काल-परवापर्यंत गावात त्यांना सगळे गेनबाच म्हणत. चेक वटला आणि मागे शेठ लागला.

"हिला लायसन पाहिजे," ते खुर्चीत बसत म्हणाले. बायडाबाई दुसऱ्या खुर्चीच्या अगदी काठावर टेकल्या, पदर डोक्यावर. एकच बरं होतं, खुर्ची त्यांना मिळाली होती.

"कशासाठी?" मी विचारलं.

"कशासाठी म्हंजी? सुखदेवच्या सुनंनं काढलंय."

सुखदेव म्हणजे त्यांचा चुलतभाऊ, बांधाला बांध लागून. बांध राहिले नव्हते पण भावकी राहिली होती. सुखदेवची सून लाल रंगाची छोटी गाडी घेऊन लग्नाला आली आणि मांडवापर्यंत स्वतः चालवत आली, हे गेनबाशेठना लागलं होतं. त्यांच्या दारात क्वालिस उभी होती आणि ती पगारी ड्रायव्हर चालवत होता.

"तुम्ही का नाही शिकत?" मी विचारलं.

"मी? मी मालक हाय. मालकानं चालीवली तर मालक कसला?" मग ते पुढे वाकून म्हणाले, "म्याडम, एक ध्यानात ठिवा. बिनबिल्ल्याचं काढा. सुखदेव सांगत हुता, आता लायसनला बिल्ला लावावा लागतो. आमच्या घरान्यात बिल्ला लावत न्हाईत."

कोपऱ्यात बाबा पेपर वाचत होते. त्यांच्या डोक्यावर भिंतीला, बुद्धाच्या तसबिरीखाली, खिळ्याला त्यांचा बिल्ला टांगलेला होता. आई हयात असेपर्यंत ती दर दिवाळीला चिंच लावून तो घासायची, आता मी घासते. गेनबाशेठच्या तो लक्षात आला नाही. बाबांनी पेपरचं पान उलटलं.

तेवढ्यात दोन्हींपैकी एक मोबाइल वाजला आणि गेनबाशेठ बोलत बाहेर गेले. ते मोबाइलवर बोलायचे ते समोरचा माणूस मुळशीत आहे आणि मध्ये तार नाही, अशा आवाजात. ते दूर गेल्याची खात्री झाल्यावर बायडाबाईंनी डोक्यावरचा पदर जरा मागे सारला.

"म्याडम, पैसं घिऊन मानसं बशिवायची आसतील तर कंचं लायसन?"

मी दचकले. माझा प्रश्न आजवर कुणी मला विचारला नव्हता.

त्यांनी थोडक्यात सांगितलं. उरलेल्या गुंठ्यांवर त्यांनी खोल्या बांधल्या होत्या. त्यांत कंपन्यांत काम करणाऱ्या पोरी राहत, कुठल्या कुठल्या गावांच्या. कामावरून कधीही सुटत आणि वडापच्या जीपला लटकून, अर्ध्या आत अर्ध्या बाहेर, अशा येत. बायडाबाई ओट्यावर बसून त्यांची वाट पाहत. "त्यांच्या आया तिकडं, मी हितं. जीव खालवर हुतो." एवढं सांगून त्या थांबल्या. मग खरं कारण सांगितलं. "आन् दुसरं म्हंजी, आदी मी मंडईला भाजी न्यायची. इकली की माझा पैसा माझ्या कंबरंला. आता साडी घ्यायची तरी ह्यांना मागावं लागतं. देत्यात. न्हाई म्हनत न्हाईत कदी. पर मागावं लागतं."

मी सहसा विरघळत नाही. विरघळणाऱ्या माणसाने ड्रायव्हिंग स्कूल काढू नये. पण त्या दिवशी मी स्वतः उठून त्यांना माठातलं पाणी दिलं.

मग सगळं नीट समजावलं. आधी साधं खाजगी लायसन काढायचं. ते काढून वर्ष झाल्याशिवाय व्यवसायाचं मिळत नाही. मग परीक्षा, मग बॅज, आणि गाडीला पांढरी पाटी काढून पिवळी. पांढऱ्या पाटीवर भाडं मारणारे रस्त्यावर ढिगाने आहेत, पण काही झालं तर विम्याची कंपनी हात वर करते आणि पोरींचे आईबाप तुमच्या दारात येतात.

"चोरून करायचंच न्हाई," त्या म्हणाल्या. "वरीसभर दम धरते. ऊस बी वरसानंच येतो."

"पण गाडी शेठच्या नावावर असेल. पिवळ्या पाटीला ते सही देतील?"

"गाडी माझ्या नावावर हाय. ह्यांच्या राशीला चारचाकी लाभत न्हाई म्हनला बामन. तवा माझ्या नावानं घेतली."

बाबांच्या पेपरामागून हसण्याचा आवाज आला. गावातल्या अर्ध्या गाड्या बायकांच्या नावावर होत्या हे मला पुढे कळलं. ज्योतिषाने नवऱ्यांना शनीपासून वाचवलं आणि बायकांच्या हातात कागद दिले, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. फक्त बायडाबाईंच्या आलं होतं.

शिकवणी सुरू झाली. मी पुष्कळ जणांना शिकवलंय, पण गाडीशी बोलणारी बाई एकच. क्लच सोडताना "चल गं", ब्रेक दाबताना "हो, हो, थांब माझी बाय", आणि चढावर गाडी बंद पडली की तिची समजूत घालणं. "दमली व्हय? थांब, घटकाभर इसावा घे." मागून भोंगे वाजत असत. त्यांना भोंग्यांची पर्वा नव्हती. एकदा चांदणी चौकात एका ट्रकवाल्याने कट मारला, तर त्यांनी गाडी कडेला व्यवस्थित लावली, हँडब्रेक ओढला, उतरल्या आणि पुढे सिग्नलला अडकलेल्या त्या ट्रकपर्यंत चालत जाऊन ड्रायव्हरला त्याच्या आईचं गाव विचारलं. तो इतका घाबरला की त्याने खरंच सांगितलं.

आरशात बघायची सवय मात्र त्यांना लागेना. मागचा मागे बघून घेईल, असं त्यांचं मत. शेवटी बाबा एक दिवस गुडघे सांभाळत मागच्या सीटवर येऊन बसले. "बाई," ते म्हणाले, "पुढे रस्ता असतो, मागे माणसं असतात. तुम्हाला माणसं न्यायचीत ना? मग मधूनमधून त्यांच्याकडे बघा." त्या दिवसापासून आरसा चुकला नाही. मी तेच पंधरा दिवस सांगत होते. पण माझा आवाज वाईट आहे, असं बाबांचं म्हणणं.

खाजगी लायसन झालं. पुढचं वर्ष गेनबाशेठचं फार सुखात गेलं. लग्न, बारसं, साखरपुडा, कुठेही जायचं तर बायको चालवणार आणि हे शेजारी बसणार, काच खाली, कोपर बाहेर. ड्रायव्हरला त्यांनी सुट्टी दिली. सुखदेवच्या दारावरून जाताना गाडी हळू घ्यायची, एवढी एकच सूचना असायची. वाटेत भेटले की मला हात जोडत. मी बिनबिल्ल्याचं काढून दिलं म्हणून त्यांचा माझ्यावर मोठा विश्वास बसला होता.

वर्ष सरलं आणि एका सकाळी क्वालिस गाळ्यासमोर येऊन उभी राहिली. बायडाबाई एकट्या उतरल्या. "ऊस आला," म्हणाल्या.

व्यवसायाच्या लायसनची परीक्षा त्या पहिल्या फटक्यात पास झाल्या. गाडीचा आठाचा आकडा इतका सावकाश आणि गोल काढला की तपासणारे साहेब म्हणाले, रांगोळी काढताय का? त्या म्हणाल्या, व्हय. आता राहिला बॅज. आणि इथे मला त्यांना एक गोष्ट सांगावी लागली जी मी वर्षभर सांगायचं टाळलं होतं. बॅजसाठी पोलीस चौकशी असते. हवालदार घरी येतो. अर्जदार कोण, कसा वागतो, घरच्यांना विचारतो, शेजाऱ्यांना विचारतो आणि चांगलं वर्तन आहे असा शेरा गेला तरच बॅज मिळतो.

बायडाबाईंनी मागे सारलेला पदर पुन्हा पुढे ओढला.

"म्हंजी ह्यांना इचारनार."

"विचारणार."

"मग आजच सांगते. पोलिसाकडनं कळायला नगं."

दुसऱ्या दिवशी गेनबाशेठ आले ते पायऱ्या मोजल्यासारखे जोरात पाय आपटत. खुर्चीत बसले नाहीत.

"म्याडम, तुमी माझं घर मोडाया निघालाय. मी काय सांगितलं हुतं? बिनबिल्ल्याचं."

"ते काढून दिलं ना. हे दुसरं आहे."

"मी तोड काडलीय," ते म्हणाले, आणि अचानक बसलेच. "रातभर इचार केला. तुमीच हिला सांगितलं हुतं, माल वाहिला तर बिल्ला लागत न्हाई. मी तिला छोटा टेम्पो घिऊन देतो. भाजी न्हे, खत न्हे, इटा न्हे. पैसं तिचं तिला. बिल्ला न्हाई. झालं का न्हाई?"

मला कबूल केलं पाहिजे, मनातून मी चकित झाले. इतक्या वर्षांत लायसनचे प्रकार नीट समजलेलं माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे हा माणूस.

"आणि पोरी?" मी विचारलं.

"टेम्पोत खुर्च्या टाकू."

"खुर्च्या जातील माल म्हणून. त्यांच्यावर बसलेल्या पोरींचं काय करू?"

बाबांनी पेपर खाली ठेवला. ते असं वर्षातून एखाद्या वेळी करतात. "शेठ, बिल्ल्याचं इतकं काय वाईट वाटतं तुम्हाला?"

"बिल्ला म्हंजी चाकरी," गेनबाशेठ म्हणाले. "कुनी बी हात करावा आन् आपन थांबावं. कुनी बी नंबर वाचून तक्रार करावी. आमच्या जमिनी गेल्या, आता मान बी घालवू का? भावकी हासंल. म्हनंल, गेनबाचा पैसा सपला, बायकूला भाड्याच्या गाडीवं बशिवली."

"थांबावं लागतं हे खरं," बाबा म्हणाले. "मी जन्मभर थांबलो." त्यांनी मान वर करून खिळ्याकडे पाहिलं, तेव्हा कुठे गेनबाशेठना तो बिल्ला दिसला. "माझ्या बापाला गावात कुणी धड नावाने हाक मारली नाही. ए म्हटलं की त्याने यायचं. मला सरकारने नंबर दिला त्या दिवशी मी चाळीत पेढे वाटले. माणसं हात करून थांबवायची, पण दादा म्हणायची. ड्रायव्हरदादा, थांबा."

गेनबाशेठ वरमले होते, ते वाईट माणूस नव्हते. पण वरमलेला माणूस कधीकधी जास्तच चुकीचं बोलतो. "तुमचं येगळं हाय, बाबुराव," ते म्हणाले.

"वेगळंच आहे," बाबा म्हणाले, आणि त्यांनी पेपर उचलला.

मला त्या 'येगळं'चा राग आला. अजून आठवला की येतो. बाबांना आला नाही, किंवा आला असेल तर पेपरामागे आला. गेनबाशेठ जाता जाता दारात थांबून म्हणाले, "पोलीस येऊ द्या. मी सांगीन, माझी परवानगी न्हाई. बगू कसा मिळतो बिल्ला."

कायद्याने नवऱ्याची परवानगी लागत नाही. पण घरचाच माणूस 'ही बाई ऐकत नाही' असं म्हणाला तर हवालदार शेरा काय मारेल हे सांगता येत नाही, आणि वर्षभराचा ऊस तिथेच वाळला असता. म्हणून मी बायडाबाईंना फोन करून सल्ला दिला. टेम्पो घ्या. पैसा तुमचाच राहील, घरात भांडण नको.

"भाजी चांगलीच आसती," त्या म्हणाल्या. "पर बोलत न्हाई. पोरी बोलत्यात." आणि जरा थांबून, "मला बिल्ल्याचंच पाहिजे. कुनी बी हात करून थांबवावं. कवाधरनं मला कुनी कशासाठी थांबवलंच न्हाई."

चौकशीचा दिवस कळला तसा त्यांचा निरोप आला: तुमी या. मी स्कूटरवर निघाले. कंपन्यांच्या बसगाड्यांच्या मागे धूर खात हिंजवडीला पोचले तेव्हा हवालदार अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते, मांडीवर फाइल. बंगल्याला पुढून संगमरवर आणि मागे अजून गोठा. पोलीस आला म्हटल्यावर भावकी जमली होतीच. सुखदेव हातात चहाचा ग्लास घेऊन स्वतःच्या घरून आला होता, आणि खुर्ची मिळवून सगळ्यांत पुढे बसला होता. गेनबाशेठ खांबाला टेकून उभे होते, तोंड घट्ट मिटलेलं. बायडाबाई स्वयंपाकघराच्या दारात, हातात ट्रे.

"बसा म्याडम," गेनबाशेठ माझ्याकडे न बघता म्हणाले. राग होता, पण दारात आलेल्याला उभं ठेवायची त्या घराची रीत नव्हती.

हवालदार साधा, थकलेला माणूस होता. त्यांनी नाव विचारलं, वय विचारलं, कधीपासून इथे राहता विचारलं. मग पेन सरसावून म्हणाले, "वर्तणूक. आधी शेजारी सांगा. अर्जदार बाईंची वर्तणूक कशी आहे?"

सुखदेव याचीच वाट पाहत होता. चहाचा घोट घेऊन म्हणाला, "वागनूक तशी बरी हाय. आमची वहिनीच हाय, वंगाळ कसं म्हनू? पर सायेब, घरात काय कमी पडलं म्हनून बाईमानसानं भाड्याची गाडी हाकावी, ते मालकालाच इचारा की." दोघेतिघे हसले. कोपऱ्यातली एक म्हातारी पदराआड हसली.

मी गेनबाशेठकडे पाहिलं. त्यांनी जे ठरवलं होतं ते बोलायला याच्याहून सोपी वेळ नव्हती. माझी परवानगी नाही, एवढे तीन शब्द.

गेनबाशेठ खांब सोडून पुढे आले.

"कमी?" ते सुखदेवला म्हणाले. "माझ्या घरात काय कमी पडलं ते तू सांगनार? तू बांध कोरलास तवा खुरपं घिऊन हीच हुबी ऱ्हायली. मी कुटं हुतो? पारावं पत्तं कुटत हुतो, तुज्याच संगं." हसणारे थांबले. "सायेब, ल्ह्या. समदं ल्ह्या. कोंबडा आरवायच्या आदी ह्या बाईनं मंडईला माल न्हेलाय. ताप आसला तरी न्हेलाय. माझी आई अंथरुनात पडली तवा तिचं समदं हिनं काडलं, माझ्या सख्ख्या भैनींनी नाकाला पदर लावला हुता. जमिनीचा चेक आला तवा आमी ढोल वाजिवला. आन् ही एकटी बांधावं जाऊन रडत बसली. मी इचारलं, काय झालं गं. तर म्हनली, उद्यापास्नं मी काय करू?" त्यांनी दाराकडे, बायडाबाईंकडे पाहिलं. "ते मी इसरलोच हुतो. आत्ता बोलताना ध्यानात आलं. कुनाची मेथीची एक जुडी हिनं बुडिवली न्हाई, कुनाला खोटं बोलली न्हाई. लायसनचं बी मला हिनंच येऊन सांगितलं, तुमी यायच्या आदी. आन् हा म्हनतो, वागनूक बरी हाय. बरी?"

हवालदारांचं पेन हवेत होतं. "शेठ, तुमचं सगळं खरं आहे," ते समजुतीने म्हणाले, "पण एवढं लिहायला जागा नाही हो. एवढीशी ओळ आहे. एका शब्दात सांगा. चांगली की वाईट?"

गेनबाशेठनी आजूबाजूला पाहिलं. रस्त्यावरून कंपनीची बस गेली, ती जाईपर्यंत सगळे थांबले. मग ते जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटले.

"मोठ्याने सांगा. शेजाऱ्यांच्या समोर झालं पाहिजे."

"चांगली," गेनबाशेठ म्हणाले. "चांगली हाय."

हवालदारांनी लिहिलं आणि खाली रेघ ओढली. "घरच्यांची काही हरकत?"

"हरकत सुखदेवची आसंल तर तेला इचारा. माझी न्हाई."

सुखदेवने चहाच्या ग्लासात तोंड घातलं. ग्लास केव्हाच रिकामा झाला होता. हवालदार फाइल मिटत म्हणाले, शेरा चांगला पाठवतो, बॅज मिळायला अडचण नाही. तेव्हा कुठे आपण काय बोलून बसलो हे गेनबाशेठच्या लक्षात आलं. मग त्यांनी हवालदारांच्या जवळ जाऊन हळू विचारलं, "बिल्ला साडीवं लावायचा म्हंजी नेमका कुटं लावायचा?"

"वरून खाकी शर्ट घालतात. दिसला पाहिजे, बस."

"मग आंधारात दिसंल असा घासूनच ठिवावा लागंल," गेनबाशेठ सुखदेवला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. माझ्याकडे वळून विचारलं, "म्याडम, बाबुरावांचा बिल्ला तुमी कशानं घासता?"

मी म्हटलं, चिंचेने. आणि मी उगाच स्कूटरची किल्ली शोधायला लागले, कारण मला हसूही येत होतं आणि दुसरंही काही येत होतं.

चहा कुणालाच मिळाला नाही. तो ट्रेमध्येच गार झाला. बायडाबाई मला फाटकापर्यंत सोडायला आल्या, ट्रे अजून हातातच. फाटकाशी त्यांनी तो भिंतीवर ठेवला आणि पदराने डोळे पुसले, एकदा आणि पुन्हा एकदा.

"म्याडम, नातवंडं झाली आमाला. इतक्या वर्सांत ह्या मानसाच्या तोंडून चांगली हा शबुद कदी ऐकला न्हवता. भाजीला बी म्हनलं न्हाईत कदी." त्यांनी मागे वळून अंगणाकडे पाहिलं. गेनबाशेठ हवालदारांना हाताला धरून पुन्हा खुर्चीत बसवत होते, जेवल्याशिवाय जाऊ देत नव्हते. "आदी ठावं आसतं," बायडाबाई म्हणाल्या, "तर पोलीस कवाच बोलावला आसता."